सतरा नंबर हजर

बस सुटायच्या आधी सायलीने योनाच्या मनगटावरचा फोन नंबर बॉलपेनने पुन्हा गिरवला. चार दिवसांत तो इतक्यांदा गिरवला गेला होता, की आता आंघोळीनेही जात नव्हता. शिवाय पोराच्या गळ्यात शिट्टी, शिट्टीखाली प्लास्टिकच्या पाकिटात नाव-पत्ता, पाठीवर भडक केशरी सॅक आणि सॅकला बांधलेल्या दोरीचं टोक सायलीच्या मुठीत. चार वर्षांचं मूल परमुलखात हरवलं तर काय, या धास्तीने ती विमानातसुद्धा त्याचा पाय धरून झोपली होती.

नाशिकहून चौतीस जणांची ही मंडळी पवित्र भूमीच्या, म्हणजे इस्राएलच्या, सहलीला आली होती. सायलीचा नवरा संतोष याला कंपनीतून रजा मिळाली नाही, म्हणून त्याच्या आईला सांभाळून नेण्याचं काम सायलीकडे आलं. निघण्याच्या रविवारी, सहलीला सोबत येणाऱ्या पाळकसाहेबांनी चर्चमध्ये भर उपासनेत तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. "सायली, तू आमची रूथ! रूथने सासूची पाठ सोडली नाही, तूही सोडू नकोस." सगळी मंडळी "आमेन" म्हणाली होती. बायबलातल्या रूथला सोबत चार वर्षांचं पोर नव्हतं, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही.

सासूबाई, म्हणजे उज्वलाबाई, मूळच्या सायखेड्याच्या. त्यांची सहलीकडून एकच मागणी होती. लग्नातलं पांढरं पातळ नेसून, येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन, म्हणजे जॉर्डन, नदीत उतरायचं. ते त्यांचं आणि दादांचं, म्हणजे सायलीच्या सासऱ्यांचं, लग्नाच्या दिवशीच ठरलं होतं. दादा पाच वर्षांपूर्वी गेले. पातळ राहिलं. ते आता इस्त्री करून, डांबराच्या गोळ्या घालून एका कापडी पिशवीत बसमध्ये आलं होतं, आणि यार्देनचा दिवस आजचाच होता. घाट चार वाजता बंद व्हायचा. उद्या पहाटे विमान.

मंडळी आत्ता काना गावात होती. येशूने लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, ते हे काना. तिथलं चर्च पाहून झालं, जोडप्यांनी लग्नाच्या शपथा पुन्हा घेतल्या, फोटो झाले आणि पावणेदोनला किशोरभाऊंनी शिट्टी फुंकली.

किशोरभाऊ हे सहलीचे प्रमुख. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी प्रत्येकाला एक नंबर दिला होता, आणि बस हलण्याआधी तो नंबर ओरडून सांगायचा, असा नियम केला होता. उशिरा येणाऱ्याला शिक्षाही होती. त्याने माइकवर उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांना सांगायचं.

ही शिक्षा ठरवताना किशोरभाऊंनी उज्वलाबाईंचा विचार केला नव्हता. उज्वलाबाईंचा नंबर सतरा. पहिल्याच दिवशी त्या विमानतळावर दोन मिनिटं उशिरा आल्या आणि आनंदाने माइककडे गेल्या. सायखेड्याला गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला तेव्हा त्या एका म्हशीची शेपटी धरून कशा वाचल्या, ही त्यांची साक्ष. नासरेथ येईपर्यंत दीड तास त्या बोलल्या. त्यात म्हशीची आई कोणाकडून आणली होती तेही आलं. नासरेथ आलं तेव्हा म्हैस पाण्यातच होती. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा उशिरा आल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली, आणि गालीलचा समुद्र दिसला तेव्हाही म्हैस पाण्यातच होती.

तिसऱ्या दिवसापासून बसमध्ये कोणी न ठरवताच एक सोय झाली. किशोरभाऊ "सतरा?" म्हणाले, की उज्वलाबाई असोत वा नसोत, कोणीतरी "हजर!" म्हणून टाकायचं. मागून दोन मिनिटांनी त्या चढायच्याच.

"सोळा?"

"हजर."

"सतरा?"

"हजर!" "हजर!" "हजर!" तीन बाजूंनी तीन आवाज आले.

"एकदाच बोला, बाई," किशोरभाऊ वहीतून मान वर न करता म्हणाले. "अठरा?"

"हजर, आणि एकोणीसपण हजर," सायली म्हणाली. ती सीटखाली वाकून योनाचा बूट शोधत होती. बस निघाली.

पस्तीस मिनिटं सगळं छान चाललं होतं. रस्त्याकडेला एक डाळिंबाच्या रसाची गाडी गेली, तेव्हा खिडकीतून डाळिंबांच्या आकारावर चर्चा झाली आणि आपल्या सटाण्याचीच बरी, असं ठरलं. मग योनाने विचारलं, "मम्मी, आजी कुठंय?"

"पुढे बसलीय, मीनामावशीजवळ."

"नाहीये."

सायलीने मान उंच केली. पुढच्या सीटवर मीनामावशी एकट्याच चिवडा खात होत्या.

"मावशी, आई कुठायत?"

"अगं, तुझ्याकडे मागे आल्या ना? नातवाजवळ बसते म्हणत होत्या."

"माझ्याकडे नाही आल्या."

चिवड्याची मूठ तोंडाशी थांबली. सायली उठली. तिने सीटखाली पाहिलं, वर सामान ठेवायच्या फळीवर पाहिलं. तिथे कापडी पिशवी होती. पिशवीत पातळ होतं. पातळ नेसणारी नव्हती.

"किशोरभाऊ, बस थांबवा! आई राहिल्या!"

"अशक्य!" किशोरभाऊंनी वही काढली. "सतरा, हजर. ही बघा खूण. तीनदा हजर!"

"मग हजर कोण म्हणालं?"

मीनामावशींनी चिवड्याची पुडी मिटली. मग त्या पुटपुटल्या, "मी म्हटलं. मला वाटलं, येतीलच. नाहीतर पुन्हा ती म्हैस..."

मधल्या सीटवरून महेश उभा राहिला. त्याच्या लग्नाला सहा महिने झाले होते आणि त्याला खिडकीतून बाहेर बघत बायकोशी गप्पा मारायच्या होत्या. "सॉरी वहिनी. दुसरा मी."

"आणि तिसरा?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. पहिल्या सीटवरून कोणीतरी घसा साफ केला.

"तिसरा," पाळकसाहेब खाली बघत म्हणाले, "माझा होता."

किशोरभाऊंनी वही मिटली. तीस वर्षांत असली प्रॉक्सी त्यांनी पाहिली नव्हती.

"आता परत गेलो तर घाट बंद होईल," मागून कोणीतरी हळूच म्हणालं. पण त्याच्याकडे बाकीच्या बत्तीस जणांनी असं पाहिलं, की त्यानेच ड्रायव्हरला हाताने गोल करून दाखवलं. बस वळली.

सायलीच्या डोळ्यांसमोर नाही नाही ते येत होतं. आईंकडे फोन नाही. एकच सिम पुरे, असं तिनेच ठरवलं होतं. आईंना हिंदीसुद्धा बेताचीच. पोराच्या गळ्यात पाटी अडकवली, आईंच्या का नाही अडकवली? 'आमची रूथ!' डाळिंबाच्या रसाची गाडी पुन्हा आली. गाडीवाल्याने ओळखीचं हसून हात केला.

काना गाव दिसायला लागलं आणि सायलीचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. संतोष.

"उचलू नकोस," मीनामावशी म्हणाल्या.

"नाही उचलला तर त्याला वाटेल काहीतरी झालंय."

"झालंयच की."

सायलीने चेहरा पुसला आणि फोन उचलला. नाशकात दिवेलागण झाली होती. संतोष गॅलरीत चहा घेत होता.

"काय म्हणता? कुठवर आलात?"

"आम्ही ना, चाललोय. मजेत. बसमध्ये."

"आई?"

"आई पण मजेत."

"दे ना जरा."

"त्या... प्रार्थना करताहेत."

"बसमध्ये?"

"इथे सगळे कुठेही करतात."

"बरं. लांबूनच दाखव."

सायलीने हताशपणे समोर पाहिलं. मीनामावशींनी एक क्षण विचार केला, महेशच्या बायकोची शाल ओढून घेतली, डोक्यावरून घेतली, पाठ फिरवली आणि मान खाली घालून हात हलवला. फोन दोन सेकंद तिकडे वळला आणि लगेच परत आला.

संतोषने चहाचा घोट घेतला. "आईने शाल नवीन घेतली?"

"हो, कानात. म्हणजे काना गावात."

"छान आहे. आणि उंची?"

"काय?"

"उंची पण वाढली ना बरीच. पवित्र भूमीचा गुण असेल." त्याने कप खाली ठेवला. "सायली, दहा मिनिटांपूर्वी आईचा मला फोन आला होता. कोण्या केरळच्या फादरच्या फोनवरून. तिला एकच नंबर पाठ आहे, माझा. ती चुकून त्यांच्या बसमध्ये चढली. ती यार्देनच्या घाटावर पोचलीये, तुमची वाट बघतीये. मी तुला हेच सांगायला फोन केला." जरा थांबून तो म्हणाला, "आता फक्त एवढं सांग, तुमच्याकडे हात हलवतंय ते कोण?"

शाल हळूहळू खाली आली.

"सलाम, संतोष," मीनामावशी म्हणाल्या.

बसमध्ये एकदम हशा पिकला. सायली हसत होती की रडत होती, हे योनालाही कळेना, म्हणून त्याने शिट्टी वाजवली. ड्रायव्हरला वाटलं थांबायचंय. त्याला पुन्हा गोल करून दाखवलं. बस पुन्हा वळली. तीन वाजले होते. पाळकसाहेबांनी मोठ्याने प्रार्थना सुरू केली, तिच्यात रस्ता मोकळा मिळावा एवढीच विनंती होती. ती पुरती ऐकली गेली नाही, कारण पुढे केळ्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर लागला आणि तो बराच वेळ बाजूला झाला नाही. डाळिंबवाला आता स्टुलावरून उठून उभाच राहिला होता. त्याने दोन ग्लास उंच करून दाखवले.

चारला चार मिनिटं कमी असताना बस घाटाशी लागली. फाटक अर्धं लागलं होतं. पुरतं लागत नव्हतं, कारण फाटकाच्या फटीत उज्वलाबाई पाय घालून उभ्या होत्या. एका बाजूला खाकी शर्टातला दरवान, दुसऱ्या बाजूला उज्वलाबाई, आणि त्यांच्या मागे केरळची सगळी मंडळी.

"थांब रे बाबा, सून येतीय माझी. लय लांबून येतीय," त्या दरवानाला मराठीत समजावत होत्या. तो त्याच्या भाषेत घड्याळ दाखवत होता. "घड्याळ मलाबी कळतं. चार नाय वाजले अजून. तुझी आई असती तर असं ढकललं असतंस व्हय?"

केरळच्या फादरांनी त्यांना घाटावर भाड्याने मिळणारा पांढरा झगा दोनदा देऊ केला होता. उज्वलाबाईंनी तो दोनदा घडी करून परत दिला होता. त्यांचं पातळ येत होतं.

सायली बसमधून उतरली ती पळतच. पिशवी छातीशी धरून ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की दोरीचं टोक आपल्या हातात नाही. योना मागे बसमध्येच होता, कोणाच्या तरी मांडीवर. ती क्षणभर थबकली. मग "असू दे," असं स्वतःशीच म्हणून फटीतून आत शिरली.

"आई! तुम्ही... आम्ही किती..."

"रडू नको. पातळ आणलंस का?"

"आणलं."

"मग चल, मला नेसव. ह्या बाया चांगल्या हायत, पण आपल्यासारख्या निऱ्या त्यांना नाय यायच्या."

दरवानाने पिशवीतून निघालेलं पिवळसर पडलेलं पांढरं पातळ पाहिलं, पायऱ्यांकडे निघालेल्या म्हातारीकडे पाहिलं, आणि घड्याळ असलेला हात खिशात घातला.

नदी फार मोठी नव्हती. "आपल्या गंगेला पंचवटीत याहून जास्त पाणी असतंय," उज्वलाबाई म्हणाल्या, पण हळूच, नदीला ऐकू जाणार नाही अशा बेताने. सायलीचा हात धरून त्या कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. त्यातलं "आले बरं का" एवढंच सायलीला ऐकू आलं. मग नाक धरून त्यांनी बुडी मारली. डांबराच्या गोळीचा वास क्षणभर यार्देनवर पसरला. काठावर केरळच्या मंडळीने गाणं धरलं, मागून आत आलेल्या नाशिकच्या मंडळीला शब्द येत नव्हते म्हणून त्यांनी टाळ्या धरल्या, आणि फाटकाबाहेर योना कोणाच्या तरी कडेवरून शिट्टी वाजवत होता.

परत बसमध्ये बसल्यावर किशोरभाऊंनी वही उघडली.

"सोळा?"

"हजर."

"सतरा?"

उज्वलाबाई ओल्या केसांना पंचा गुंडाळून अगदी समोर बसल्या होत्या.

"सतरा?"

"मला काय इचारता?" त्या म्हणाल्या. "रोज माझी हजेरी जे देतात त्यांना इचारा. त्यांना जास्त म्हाईत."

पाळकसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. महेश बायकोच्या मागे लपला.

"उज्वलाताई, आमचं चुकलं," मीनामावशी म्हणाल्या. "घ्या तुम्ही माइक. आज म्हैस बाहेर येईपर्यंत ऐकू."

उज्वलाबाईंनी माइक घेतला, त्यावर टिचकी मारली आणि वळून उभ्या राहिल्या. "मी कशाला साक्ष देऊ? उशिरा येणाऱ्यानं द्यायची, असा नियम हाय. मी तर पावणेतीनलाच घाटावर हजर होते. उशिरा कोण आलं?"

किशोरभाऊंनी नियम आठवून पाहिला. नियम तसाच होता.

"मग चला," उज्वलाबाई म्हणाल्या. "तेहतीस जण हायत. आधी अठरा."

सायलीने आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. चर्चमध्ये तिला वाचन दिलं, तरी आदल्या दिवशी तिचा घसा बसायचा. "मला नाही येत बोलता," ती म्हणाली.

"रोज फोनवर तुझ्या आईशी तासभर काय करतीस मग? बोल. मी हाय ना बाजूला."

सायलीने सुरुवात केली. आधी काना आलं, बूट आला, चिवडा आला. मग शाल आली, तेव्हा ड्रायव्हरसुद्धा काही न कळता हसला. सायली खुलली. डाळिंबवाला आला, ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरवरची केळी कच्ची होती की पिकलेली तेही आलं. बाहेर उजेड गेला, गावांचे दिवे लागले, योना उज्वलाबाईंच्या मांडीवर झोपला. हॉटेल आलं, बस थांबली, इंजिन बंद झालं. सायली अजून फाटकापर्यंतही पोचली नव्हती.

"सायली," शेवटी उज्वलाबाईंनी तिचा पदर ओढला, "थोडक्यात आटप गं. लोकांना भुका लागल्यात."