आधी कोपऱ्यावर

थोरल्याची एक खोड त्याच्या आईला, मोठ्या बाईंना, मुळीच खपत नसे. जे काम स्वतःच्या अंगावर येणार नाही, ते त्याला फार सोपं वाटायचं. "त्यात काय एवढं?" हे त्याचं पालुपद. बॉयलर बंद पडला, त्यात काय एवढं. बायकोची कंबर धरली, त्यात काय एवढं. आणि आज लाँड्रीच्या काउंटरवर शर्टांच्या घड्या घालता घालता तो पाठच्या भावाविषयीही तेच ऐकवत होता.

धाकट्यानं परगावाहून फोन केला होता. माझ्यासाठी मुलगी बघू नका, माझं एका मुलावर प्रेम आहे, रविवारी त्याला घेऊन जेवायला येऊ का, एवढंच तो बोलला. मोठ्या बाईंनी जन्मात पहिल्यांदा "विचार करून सांगते" असं उत्तर दिलं. 'नको' म्हटलं तर हा पोरगा पुन्हा उंबरा चढणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हट्ट त्यानं आईचाच उचलला होता.

"आई, ही लाइफस्टाइल आहे," थोरला म्हणाला. "त्यानं निवडलीय. मनात आणलं तर उद्या सोडेल. त्यात काय एवढं?"

"लाइफस्टाइल म्हणजे रे काय?"

"म्हणजे कसं जगायचं ते आपलं आपण ठरवायचं. आता तू पहाटे उठतेस, मी उशिरा उठतो. तसं."

"मी कुठे ठरवलं पहाटे उठायचं? बॉयलर पेटवायला तुझा बाप उठत नव्हता, म्हणून मी उठले. तू उशिरा उठतोस कारण तू बापावर गेलास."

"ते सोड गं. घराण्याला डाग लागतोय. त्याला येऊ नको म्हणून सांग."

डाग म्हटल्यावर मोठ्या बाई थांबल्या. शाळेशी त्यांचं दुसरीतच फाटलं होतं, पण डाग हा त्यांचा प्रांत. लाँड्रीत त्यांचा एकच कायदा चाले: औषध कितीही खात्रीचं असो, आधी कपड्याच्या आतल्या कोपऱ्यावर लावून बघायचं. डाग जातो की कापडच जातं, ते कोपरा सांगतो.

त्यांनी धाकट्याला फोन लावला. "काय रे, हे तू कधी ठरवलंस?"

"आई, तुझी जीभ माहीत असताना असं कोण मुद्दाम ठरवेल?"

हे मात्र बाईंना पटलं. थोडा अभिमानही वाटला. पण एका बाजूचं ऐकून निकाल देणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. फोन ठेवून त्या थोरल्याकडे वळल्या.

"मनात आणलं की बदलता येतं म्हणतोस ना? मग आधी कोपऱ्यावर करून बघू."

"कोपरा कोण?"

"तू."

थोरल्याच्या हातातला शर्ट गळाला.

"रविवारपर्यंत मनात आण आणि एखादा पुरुष आवडून घे," बाई म्हणाल्या. "तुला जमलं, तर धाकट्याचा कान मी स्वतः पिळते."

"आई, काहीतरीच काय!"

"का रे? त्यात काय एवढं?"

इस्त्रीच्या टेबलाशी उभी असलेली सून फस्सकन हसली. बायको हसली म्हटल्यावर थोरल्याला माघार घेता येईना. "चालेल! कोण आवडून घेऊ, बोल!"

एखादं स्थळ न्याहाळावं तशी बाईंनी रस्त्यापलीकडे नजर टाकली. "सलूनवाला. बिचाऱ्याची बायको गेली, माणूस कमावता आहे, मिशी झोकदार. तुझ्यासारख्याला आणखी काय पाहिजे?"

"घेऊन जा म्हणावं," सून म्हणाली. "घरातलं घोरणं तरी बंद होईल."

थोरला निघाला तो छाती काढून. सलूनमध्ये जाऊन त्यानं दाढी करून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी गालावर करायला काही उरलंच नव्हतं, तरी जाऊन बसला. समोरच्या आरशातून तो सलूनवाल्याकडे टक लावून बघायचा आणि दात आवळून मनात काहीतरी आणायचा. पाहणाऱ्याला वाटावं, याची दाढ दुखतेय. मनात येत काय होतं? सलूनवाल्याचा एप्रन नीट धुतलेला नाही, एवढंच.

शनिवारी गिऱ्हाईक नव्हतं. सलूनवाला आरशापुढे उभा राहून स्वतःच्या मिशीला कात्री लावत होता. थोरल्याला वाटलं, आता तोंडानंच सुरुवात करावी, मन येईल मागून. तो जवळ गेला आणि खर्जात म्हणाला, "तुमची मिशी फार सुंदर आहे हो."

सलूनवाला दचकला. कात्री दचकली. मिशीचं डावं टोक बेसिनमध्ये पडलं.

जरा वेळानं, दुसरी बाजूही नाइलाजानं उतरवून, तो तणतणत लाँड्रीत शिरला. त्याला आधी कोणी ओळखलंच नाही.

"मोठ्या बाई, तुमच्या थोरल्याला झालंय काय? रोज येतो, गाल घासून घेतो, माझ्याकडे डोळे वटारून बघतो, आणि आज म्हणतो मिशी सुंदर आहे! गेली ना माझी मिशी!"

मागोमाग थोरला आला, मान खाली घालून. पण खरं संकट सलूनवाल्याकडून आलंच नाही. सुनेनं इस्त्री बाजूला ठेवली होती.

"सुंदर म्हणालात?" तिनं विचारलं. "इतकी वर्षं संसार केला, मला कधी म्हणालात? नवी साडी नेसले तर म्हणता, इस्त्री चांगली बसलीय!"

"अगं, ते मी ठरवून म्हणालो. मनापासून नव्हतं."

"मग माझ्यासाठी कधी ठरवावंसं वाटलं नाही?"

"तुझ्यासाठी ठरवायचं कशाला?" थोरला कळवळून ओरडला. "तू काय ठरवून आवडलीस का? बसस्टॉपवर तुटलेली चप्पल हातात घेऊन उभी होतीस, बघितलं आणि आवडलीस! आपोआप! त्याला मी तरी काय करणार?"

सून लाजली. सलूनवाल्यानं सवयीनं मिशीवरून बोटं फिरवली, ती मोकळ्या ओठावरून गेली.

"आपोआप म्हणालास?" मोठ्या बाईंनी हळूच विचारलं.

थोरल्यानं जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"मी तुला सोन्यासारखी मुलगी दाखवली होती," बाई म्हणाल्या. "मन वळव म्हणून किती विनवलं. काय म्हणाला होतास मला?"

थोरल्यानं काउंटरवरचा एक शर्ट ओढून घडी घालायला घेतला.

"मी सांगते," सून म्हणाली. "मन काय चादर आहे, पिळून वाळत घालायला?"

बाईंनी फोन उचलला, धाकट्याला "दोघंही या, आणि वेळेवर या" असं बजावलं आणि ठेवून दिला. मग त्या थोरल्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"ऐक. कोपऱ्यावर करून बघितलं. भल्या माणसाची मिशी गेली, बायकोचं डोकं फिरलं, आणि तुझा रंग होता तसाच आहे. तेव्हा हे तुझं लाइफस्टाइलचं औषध माझ्या दुकानात पुन्हा बाटलीबाहेर काढायचं नाही. उद्या टेबलाला दोन खुर्च्या जास्त लाव. एक धाकट्याच्या माणसाला, एक सलूनवाल्याला. आणि भाऊ दारात आला की हसून 'ये' म्हणायचं. मनापासून नाही आलं तर ठरवून म्हण. तेवढं माणसाला ठरवता येतं."