तिसरं नाव

ज्या प्रदेशाला तीन विद्यार्थी मिळत नाहीत तो प्रदेश बंद करायचा, असा आंतरराष्ट्रीय अभ्यास विभागाचा नियम होता आणि जगाने तो मान्य केला होता. गेल्या जूनमध्ये ओशनिया बंद झाला. तिथल्या माणसांचं दुसऱ्या प्रदेशांत समायोजन झालं. बेटं अतिरिक्त ठरली.

यामिनी बिरारीला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षासाठी प्रदेश निवडायचा होता. अर्जाची मुदत शनिवारी पाचपर्यंत. तिचं पश्चिम युरोप कधीच ठरलं होतं. त्यासाठी तीन वर्षं पहाटे उठून ती फ्रेंच शिकली होती.

गुरुवारी दुपारी मध्य आशियाचे दोघं जण घरी आले. पांढऱ्या दाढीचे बख्तियारसाहेब आणि त्यांच्या सहकारी गुलनाराबाई. पंधरा दिवस दारोदार फिरून दोघांना मराठी बरी येऊ लागली होती.

"आमचे दोन झालेत, एक कमी पडतो," बख्तियारसाहेब म्हणाले. "ताई, तुम्ही नाव लावलंत तर आमच्यातर्फे एक घोडा. खोगिरासकट."

"ठेवणार कुठे?"

"सगळे हेच विचारतात," गुलनाराबाई म्हणाल्या आणि वहीत तशी नोंद केली.

यामिनीच्या वडिलांनी, आप्पांनी, स्वतः उठून पाणी आणलं. आप्पा प्राथमिक शिक्षक. पट कमी म्हणून त्यांची वाडीवरची शाळा बंद झाली, तेव्हा तेही भर मे महिन्यात घरोघर फिरले होते, सायकली कबूल करत. लोकांनी दारातूनच वाटेला लावलं. चार खोटी नावं घाला म्हणून वरून सल्ला आला होता, तो त्यांनी ऐकला नाही. आता ते तालुक्याच्या शाळेत अतिरिक्त म्हणून जात होते.

"बंद पडलं तर तुमचं काय?" आप्पांनी विचारलं.

"मला उत्तरेला पाठवतील, हिला दक्षिणेला. आणि डोंगर..."

"डोंगर अतिरिक्त," आप्पा म्हणाले.

गुलनाराबाईंनी पदर नव्हता म्हणून बाहीने डोळे टिपले. यामिनीला गलबलून आलं. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून ती फरशीकडे बघत राहिली.

पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, "आप्पा, मी काय करू?"

"मला नको विचारू बेटा. मी पट मागत फिरलेला माणूस. माझं माप आधीच झुकलेलं."

शनिवारी ती कार्यालयात गेली तेव्हा पावणेपाच झाले होते. कारकून सोनारबाईंनी तिचा अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"मध्य आशिया? बघा हं. पश्चिम युरोपात तुमचं नाव तिसरं धरलं होतं. ते खोडलं की पश्चिम युरोप बंद."

"बाकीचे कुठे गेले?"

"पूर्व आशियात. सत्तेचाळीस जण. एकाने नाव दिलं की मागोमाग सगळे."

"दोन्हीकडे माझं नाव लावलं तर?"

"बोगस पट म्हणतात त्याला, ताई."

आप्पांनी शाळा जाऊ दिली होती, पण तेवढं केलं नव्हतं.

"पश्चिम युरोपाकडून कुणी आलं होतं का हो? निदान फोन?"

"कुणी नाही. विद्यार्थी येणारच, असं धरून चालले असतील."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला तीन मिनिटं होती. यामिनीने मध्य आशियाच्या अर्जावर सही केली. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सोनारबाईंनी शिक्का मारून खिडकी लावून घेतली.

घरी तिने सगळं सांगितलं.

"पश्चिम युरोपातल्या माणसांना कुठे दिलं?" आप्पांनी विचारलं.

"मध्य आशियात. तिथेच जागा रिकाम्या आहेत म्हणे."

"मग त्यांना कळव," आप्पा म्हणाले. "अतिरिक्त माणसाला पहिल्या दिवशी कुणी खुर्ची देत नाही. मी सहा महिने खिडकीत बसलो. म्हणावं, आपली खुर्ची घरून घेऊन जा."

यामिनीने ते स्वच्छ फ्रेंचमध्ये लिहून पाठवलं. सोमवारपासून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांत माणसं खुर्च्या घेऊन चढू लागली.