रेंजरसाहेबांची हरकत

तुळशीरामजी वासेकर ऑफिसात शिरताना दिसले, की मी आधी टेबलावरची दौत उचलून हातात धरत असे. कारण हा गृहस्थ नमस्कार करायच्या आधी टेबल ठोकायचा. उजव्या हाताची दोन बोटं मुडपायची, मान तिरपी करायची, डोळे मिटायचे अन् टकटक. मग खुर्ची. मग कपाट. मग कपाटाला टेकून पेंगणारा आमचा चपराशी. निकाल जागच्या जागी. "भरीव" नाहीतर "पोकळ". तिसरा प्रकार त्यांच्या जगात नव्हताच.

माझं टेबल पोकळ निघालं. चपराशी भरीव ठरला, आणि त्यानंतर बरेच दिवस तो माझं काही ऐकेना.

वासेकर जंगल खात्यात रेंजर होते. आलापल्ली, भामरागड, सिरोंचा, असा सगळा जन्म सागवान ठोकण्यात गेला. लाकूड आतून पोखरलंय की साबूत आहे हे आवाजावरून ताडायचं, आणि पसंत पडलं की हातोड्यानं त्याच्यावर सरकारी शिक्का हाणायचा. पेन्शन घेऊन ते चांदा जिल्ह्यातल्या आमच्या गावात येऊन राहिले. साहेब रिटायर झाले, पण त्यांच्या बोटांना तसं कोणी कळवलंच नाही. बाजारात कोहळं ठोकलं तर कोणी काही म्हणत नाही हो. पण हे सोयरिकीला गेले तर नवऱ्या मुलाची पाठ ठोकून पाहत, आणि मुलीचा बाप बिचारा श्वास रोखून उभा!

मी तेव्हा म्युनिसिपालिटीच्या शाळा समितीचा कारकून. समितीचं काम शिक्षणाचं असेल असं कोणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. शिक्षणाचं मास्तर लोक बघत. समिती बघायची खडू, बसायच्या टाटपट्ट्या, पाण्याचे माठ आणि पावसाळ्याआधी कवेलू, म्हणजे कौलं, फेरण्याचे ठेके. वानरं वर्षभर शाळांच्या छपरांवर नाचून कवेलू फोडत, आणि समिती वर्षभर त्या कवेलूंवर ठराव करत असे. सभेतला अर्धा वेळ मागच्या सभेचं कामकाज वाचण्यात जाई, उरलेला चहाची वाट पाहण्यात.

चार नंबरची शाळा भाड्याच्या घरात होती आणि वासेकरांच्या घराला अगदी खेटून. मधे एकच भिंत. त्यामुळे दुपारची शाळा सुरू झाली की साहेब तक्रार घेऊन माझ्यापुढे हजर.

"बाबू, लिहा. शाळेचा कल्ला लय होऊन राह्यला. जंगलात वाघ बी जेवण झाल्यावर गप पडून राह्यते. हे पोट्टे जेवून आले का अजून जोरानं ओरडते."

"लिहिलं, साहेब."

"अन् लिहा, तिसरीचा वर्ग कालपासून सात साती अठ्ठेचाळीस म्हणून राह्यला."

"हे तक्रारीत घ्यायचं?"

"घ्या ना जी! चुकीचा कल्ला हाये तो."

एकदा तर येऊन म्हणाले, "तो खोकणारा पोट्टा या आठवड्यात खोकलाच नाई. शाळेत येऊन नाई राह्यला काय? चौकशी करा." मी तेही लिहून घेतलं. तक्रारीच्या कागदाचा अर्थ लावायचा नसतो, त्याला नंबर द्यायचा असतो, हे मला नोकरीत लवकर समजलं होतं.

समितीचे अध्यक्ष नानाजी. धानाच्या गिरणीचे मालक, बोलायला गुळासारखे गोड. बाहेरून ओरडणाऱ्याला आत घ्यायचं हा त्यांचा जुना उपाय. आत आला की तोही चहा पितो आणि गप्प बसतो. त्यांनी वासेकरांना समितीचे सभासद करून टाकलं. वासेकरांनी चहा घेतला. पण गप्प बसायचं राहिलं.

पहिल्याच सभेत बाकांचा ठेका निघाला. ठेकेदार राजय्या, सिरोंच्याकडचा, गळ्यात सोन्याची साखळी आणि तोंडात पान. त्यानं नमुन्याचं बाक आणून टेबलासमोर ठेवलं. असं पॉलिश, की नानाजींनी त्यात वाकून टोपी सारखी केली. "अव्वल सागवान, साहेब," राजय्या म्हणाला. वासेकर उठले. ठोकलं. हुंगलं. नखानं कोपरा खरवडला.

"सावर हाये हे," ते म्हणाले. "याच्यातून कापूस निघते. बाकं नाई निघत."

"अय्यो, देवुडा! सागवानच हाये, साहेब!"

"मंग बस त्याच्यावर."

राजय्या अंगानं भरलेला. तो नानाजींकडे पाहत पाहत टेकला, आणि बाकाचा पाय कडकन् मोडून तो पानासकट खाली आला. तेव्हापासून समितीत वासेकरांचा शब्द म्हणजे शब्द. खडूचे डबे असोत की माठ असोत, नानाजी आधी विचारायचे, "रेंजरसाहेबांनी ठोकलं काय?"

आणि मग चार नंबरच्या शाळेला नव्या इमारतीसाठी नागपूरहून ग्रँट मंजूर झाली. बाप्पा! त्या दिवशी सुमतीबाई ऑफिसात आल्या त्या पेढे घेऊनच. सुमतीबाई त्या शाळेच्या हेडमास्तरीण. जुन्या घराची मागची भिंत फुगली होती. पावसाळ्यात पोरं डोक्यावर पाट्या धरून धडे वाचत. किती अर्ज केले होते बाईंनी, आणि सगळ्यांना मी इमानानं नंबर दिले होते. आता गावाबाहेर तलावाच्या अंगाला जागा ठरली. इमारतीच्या कामाची उपसमिती नेमायची वेळ आली तेव्हा नानाजी हसून म्हणाले, "रेंजरसाहेबांनाच अध्यक्ष करा ना जी. शाळा तिथून हलावी म्हणून यांच्याइतकी घाई दुसऱ्या कोणाले हाये?"

सगळे हसले. वासेकर हसले नाहीत, पण ते तसे कधीच हसत नसत.

अट एकच होती. मार्च संपायच्या आत ठेक्यावर उपसमितीच्या अध्यक्षाची सही झाली पाहिजे, नाहीतर ग्रँट लॅप्स. ग्रँट लॅप्स होणं म्हणजे काय ते कारकुनाला विचारा. ताट वाढलेलं असतं, हात धुऊन आपण बसलेलो असतो, आणि कोणीतरी येऊन ताटच उचलून नेतो. पुन्हा मागायला गेलं तर विचारतात, तेव्हा काऊन जेवला नाही?

आता मज्जा पाहा. वासेकरांनी आधी जागा पाहिली. काठीनं जमीन ठोकली आणि म्हणाले, पोकळ. जागा दहा पावलं सरकवली. मग विटा पोकळ. दुसऱ्या भट्टीच्या विटा आणल्या, त्याही पोकळ. चुना ठोकून पाहिला. आता चुना कसा ठोकतात हे मला आजही सांगता येणार नाही, पण तोही पोकळ निघाला. बाकाच्या वेळी हात पोळलेला राजय्या या खेपेला शहाणा झाला होता. त्यानं थेट आलापल्लीच्या डेपोतून खरं सागवान आणलं. तुळया अशा, की बघत राहावं. वासेकरांनी दोन बोटं आपटली.

"पोकळ."

राजय्या रडायचाच बाकी राहिला. "साहेब, शिक्का तं पाहा! तुमच्याच रेंजचा हाये!"

"माह्या रेंजमध्ये बी पोकळ लाकडं होती."

नानाजींना यात मोठा सचोटीचा माणूस दिसला. मला दुसरंच काही दिसलं. साहेबांनी तुळई ठोकली खरी, पण मान तिरपी केली नव्हती आणि डोळे मिटले नव्हते. त्यांनी आवाज ऐकलाच नव्हता. हा माणूस नुसती बोटं आपटून राह्यला होता. काऊन, ते काही मला कळेना.

मार्च उतरणीला लागला. एका रविवारी दुपारी सुमतीबाई माझ्या घरी आल्या त्या तापूनच. "बाबूजी, शुक्रवारी माह्या शाळेतल्या एका पोरीच्या कपाळावर कवेलू पडलं. आता यांचं ठोकणं कधी थांबते? पोट्टं मेल्यावर? चला, घ्या तो ठेक्याचा कागद. मी त्यांच्या घरी जाऊन राह्यली."

मी कागद घेतला आणि त्यांच्या मागं निघालो. खरं सांगतो, मलाही राग आला होता.

वासेकरांचं दार उघडंच होतं. साहेब शाळेकडच्या भिंतीला पाठ लावून खाली सतरंजीवर बसले होते. बाजूला खाट होती, दोन खुर्च्या होत्या, तरी खाली, भिंतीलाच. रविवार, त्यामुळे पलीकडे शाळा बंद. घरात कसलाही आवाज नव्हता. आम्ही बसलो आणि बाईंनी तोंड सोडलं. फुगलेली भिंत, गळकं छप्पर, लॅप्स होणारी ग्रँट, सगळं एका दमात. "अन् आता त्या पोरीचं कपाळ फुटलं, साहेब! कोनाच्या जिवावर हे ठोकून राह्यले तुम्ही?"

साहेबांनी मान वर केली. "कोन? ती हसणारी काय?"

बाई थबकल्या.

"दुसरीच्या वर्गातली. काई झालं का आधी तिचंच हसू येते, मंग बाकीच्यायचं. शुक्रवारी दुपारून तिचा आवाज नाई आला मले." साहेबांनी बाईंकडे पाहिलं. "लय लागलं काय तिले?"

"दोन टाके पडले," बाई म्हणाल्या. त्यांचा राग कुठं गेला ते त्यांनाच ठाऊक. "बरी हाये आता."

मग साहेब बोलले ते आमच्याकडे न पाहता.

"हे घर माह्या बायकोनं पसंत केलं होतं. मी म्हटलं, शाळेजवळ नको, लय कल्ला राह्यते. तं मले म्हणे, तुमच्यासंगं जंगलात राहून माहे कान ओस पडले. तुम्ही दौऱ्यावर जाता, मी क्वार्टरात एकटी. पानं वाजली तरी मले वाटे कोनी आलं. आता मले माणसायचा आवाज पाह्यजे. आम्हाले लेकरू नाई. ही दिवसभर इथी बसे, या भिंतीपाशी, अन् सांगे, आज कोन रडलं, आज कोनाले मार पडला. मी चिडे. इथी येऊन वर्ष बी नाई झालं, ही गेली." त्यांनी भिंतीवर हात ठेवला. ठोकलं नाही, नुसता ठेवला. "तुम्ही शाळा घेऊन गेले का मंग मी इथी काय ऐकू? मी एकटा पडतो, बाई. मले भीती वाटते."

इतका दणकट माणूस, वाघाच्या वाटेवर रात्री काढलेला. भीती वाटते म्हणाला. बाईंनी सरळ पदर डोळ्यांना लावला. मी कागद घडी करून खिशात घालायला लागलो. आता सही मागायला तोंड कोणाचं होणार होतं?

"आना तो कागद," साहेब म्हणाले.

"राहू द्या, साहेब. बघू."

"काय बघता? तिच्या कपाळावर उद्या अजून एक पडन. आना." त्यांनी सही केली. "लाकूड भरीव हाये. राजय्याले सांगा, मी खोटं बोललो."

दिवाळी झाली आणि शाळा हलली. पोरांनी आपल्या टाटपट्ट्या डोक्यावर घेतल्या, मोठ्यांनी काळे फळे धरले, आणि सगळी वरात तलावाकडे निघाली. नव्या छपराखाली सुमतीबाई अशा काही वावरत होत्या, की जणू त्यांचंच लग्न होतं. वासेकर आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात सभेची नोटीस द्यायला मी भर दुपारी त्यांच्याकडे गेलो. सतरंजी तिथंच, साहेबही तिथंच. पलीकडे घरमालकानं कुलूप लावलं होतं. नोटीस घेतली, सही केली, आणि मी उठायला लागलो तर म्हणाले, "बसा ना जी. बोला."

"काय बोलू, साहेब?"

"काई बी. मोठ्यानं बोला पण."

आता मी कारकून माणूस. मला सांगण्यासारखं काय असणार? पिशवीत मागच्या सभेचं कामकाज होतं, तेच काढलं आणि वाचायला लागलो. खडूचा पुरवठा. माठांचा ठेका. "अजून मोठ्यानं," साहेब म्हणाले. मी आवाज चढवला. माठांवर नानाजी काय म्हणाले, त्यावर साहेब काय म्हणाले, ते नानाजींच्या आवाजात म्हणून दाखवलं, साहेबांच्याही आवाजात म्हणून दाखवलं. साहेब मधेच ओरडले, "मी असं नव्हतो म्हटलं!" मी ओरडलो, "असंच म्हटलं होतं!" दोघंही भांडल्यासारखे बोलत होतो.

समोरच्या घरातल्या गंगूबाई झोपमोड होऊन दारात आल्या. "काय कल्ला लावला जी भर दुपारी?"

साहेब उठून दाराशी गेले.

"घर हाये, बाई," ते म्हणाले. "घरात माणसं बोलतेच."

मग आत आले, भिंतीपाशी बसले, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि मला म्हणाले, "हं. पुढचा विषय घ्या."