भाडेकरू नव्हे, आपलं माणूस

माणसाला डोक्यावर छप्पर लागते, हे जगाला मान्य आहे. त्या छपराखाली स्वतःची चूल लागते, हे मात्र फक्त बायकांना मान्य आहे.

गंगाधरपंतांना भोर संस्थानच्या कचेरीत कारकुनी लागली, तेव्हा सौदामिनीने साताऱ्याहून निघतानाच बजावले होते. सासूच्या हाताखाली तीन वर्षे काढलेली बाई ती. म्हणाली, "खोली एकच असली तरी चालेल, पण चूल माझी. तसं घर मिळालं तरच मला न्यायला माणूस पाठवा."

पंतांना ट्रंकेसकट भोरला आणणाऱ्या, पाली गावच्या गाडीवान गेनबाने बैलगाडीतच धोका सांगितला. "खोल्या लई हायेत, सायेब. पर भाडं म्हनलं की मानसं दार लावत्यात."

कारण उघड आहे. भाडे बैलगाडीचे घ्यायचे असते. माणसाचे घेणे म्हणजे घराण्याला बट्टा. सबब रिकाम्या खोल्या शेकडा चाळीस, भाड्याच्या शून्य. प्रत्येक ओट्यावर पंतांचे गोत्र, आत्याचे सासर आणि घोरण्याची सवय (असल्यास कोणत्या कुशीवर) यांची रीतसर चौकशी झाली आणि प्रत्येक ओट्यावर शेवटी ताक मिळाले. ताक उत्तम होते.

अखेर एका घराच्या एकट्या मालकीण सगुणाबाई भेटल्या. "भाडं कसलं देतोस? आपलं माणूस म्हणून राहा," त्या म्हणाल्या. पंतांना भरून आले. आपल्या गोड जिभेने फुकट घर मिळवल्याचे त्यांनी कचेरीत सगळ्यांना दोनदा सांगितले.

आपल्या माणसाने पहाटे आडाचे पाणी शेंदावे, देवाला फुले आणावीत, दळण पोहोचवावे, पापडांवरचे कावळे हाकावेत (रविवारी पूर्णवेळ) आणि बाईंच्या गुडघ्यांची हकीकत रोज नव्याने ऐकावी. जेवण अर्थात त्यांच्याच चुलीवरचे. वेगळ्या चुलीचा विषय पंतांनी एकदा काढून पाहिला, तर बाई दिवसभर जेवल्या नाहीत. साताऱ्यात तांब्याही न उचललेल्या पंतांची पंधरवड्यात कंबर धरली.

पण फुकट घर मिळवल्याची ऐट त्याहून मोठी. तिच्या भरात त्यांनी गेनबाला साताऱ्याला धाडले आणि सौदामिनी आली. सगुणाबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. "ये सूनबाई. आता मला हात मिळाले."

सौदामिनीने खोलीचे चारही कोपरे पाहिले. "चूल कुठाय?"

पंतांनी आपले चातुर्य सविस्तर निवेदन केले आणि शेवटी कळवळून म्हणाले, "एवढं राबतो, पण कुणी बरं म्हणत नाही. उलट उपकार आपल्यावरच."

"मग मी साताऱ्याला तीन वर्षं काय करत होते?"

"ते वेगळं. ते तर आपलंच घर," असे पंत म्हणाले खरे, पण तिने पहाटे शेंदलेले पाणी आपण नऊ वाजता अंगावर घेत होतो, हे त्यांना आठवले आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

सौदामिनी बाहेर जाऊन गेनबाला म्हणाली, "गाडी सोडू नका."

"बैलांनी पानी तरी पियाचं का, वैनी?"

"पिऊ द्या. तेवढ्यात यांचं ठरू दे."

बैल पाणी पीत असताना पंत सगुणाबाईंसमोर उभे राहिले. "आम्ही परके आहोत, काकू. भाडं घ्या आणि चुलीला कोपरा द्या."

सगुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग तो काढला आणि भाडे आगाऊ मागितले.

त्या संध्याकाळी कोपऱ्यात सौदामिनीची चूल पेटली. परके झाल्यापासून त्या घरात सगळ्यांचे उत्तम पटते. सगुणाबाई लोणचे पाठवतात आणि वाटी परत आली की आभार मानतात.

वाचकांनी गंगाधरपंतांना खुशाल हसावे. फक्त हे वाचताना हातात चहाचा कप असेल, तर तो कुणी आणून दिला आणि त्या माणसाला आपण शेवटचे बरे कधी म्हटले, ते आठवून बघावे. आठवत नसेल, तर ते नक्कीच आपलं माणूस आहे.