पुस्तकातले सयाजीराव

"वहिनी, ह्ये पुस्तक मनातल्या मनात वाचा बरं का. मोठ्यानं वाचू नगा," वाचनालयाच्या नाथाजींनी बजावलं होतं. "ह्यातल्या डिटेक्टिवाचं नाव सयाजीराव हाय!"

शालन हसली. तिच्या नवऱ्याचं नावही सयाजीच. फौजेतला हवालदार सयाजी, मुक्काम पठाणकोट. पण म्हणून काय झालं? "नाथाजी, मी सांगलीहून बी.ए. झालेय!" ती म्हणाली. जणू बी.ए.च्या सर्टिफिकेटावर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलंच असतं, की सदर उमेदवारास नवऱ्याचे नाव घेण्याची मुभा आहे!

दुपारी घराच्या पुढच्या सोप्यात बैठक जमली. समोर सासूबाई, म्हणजे चंद्राबाई. त्यांच्या शेजारी, शेंगा फोडत, शेजारच्या अंबूबाई. शालनच्या मांडीवर तिचा छोटा कृष्णात. त्याला सकाळी एकच शिंक आली होती, पण शालनने त्याला दोन स्वेटर, दोन टोपडी घालून कोबीच्या गड्ड्यासारखं गुंडाळलं होतं. एक हात पुस्तकावर, एक त्याच्या कपाळावर. अशा थाटात तिने पहिलं पान उघडलं आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली.

"त्या संध्याकाळी स..." सासूबाईंच्या भुवया पदराला टेकल्या. "म्हणजे... हे," शालन म्हणाली. "हे आणि त्यांची पत्नी लीला चहा पीत बसले होते."

झालं! बी.ए. तिथंच संपलं! पण 'हे' म्हणजे डिटेक्टिव, हे तिथल्या दोघींना लगेच उमगलं. त्यांनीही जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

गोष्ट रंगली. नवरा-बायको दोघं मिळून खुनाचा तपास करतात म्हटल्यावर मतांचा पाऊसच पडला.

"सगळी अक्कल त्या लीलीची!" अंबूबाई म्हणाल्या. "ह्यो गडी नुसता शिगरेट वढतुया आन् शेवटी म्हंतोय, मला आधीच ठावं हुतं. आमच्या घरात बी ह्येच!"

"पर इचारतोय की बायकूला," सासूबाई म्हणाल्या. "लीला, तुला काय वाटतं, म्हंतोय. आमच्यात कवा कुनी इचारलं?" एवढं बोलून त्या दळणाचा डबा उचलून गिरणीवर गेल्या. संध्याकाळच्या एस.टी.नं लेक रजेवर येणार होता, नातवाच्या जावळाला. पुरणपोळ्यांचं पीठ हवं होतं.

नेमकी त्याच वेळी बयाबाई ताकासाठी दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या रानात तिच्या मेंढरांचा तळ होता. आता कडेगावात पोरीबाळींनी मोठ्यानं वाचायचं ते एकच, फौजेतून आलेलं पत्र! आख्ख्या आळीची पत्रं शालनच वाचून दाखवायची. बयाबाईनं सयाजीचं पत्रच समजून कान दिला.

"ह्यांनी लीलेला कपाटाआड ओढलं," शालन वाचत होती. "तिचा हात घट्ट धरून हे म्हणाले, कुणाला कळता कामा नये. पायाशी सावकाराचा मुडदा पडला होता..."

"तिच्यासंगं तरी निभावतोय का बघू!" अंबूबाईंनी शेंग फोडली.

बयाबाई ताक न घेताच माघारी वळली. बिचारीला डोळ्यांतलं पाणी आवरेना. सोन्यासारखी सून, पदरात तान्हं, आणि ती किती धीरानं वाचतेय पाहा!

विहिरीवर पोचेपर्यंत सयाजीनं दुसरं लग्न केलं होतं. हॉटेलापाशी त्यानं सावकार मारला होता. पाराजवळ बातमी आली तेव्हा सावकार तीन झाले होते आणि लीलेला दिवस गेले होते!

थोड्याच वेळात, शेंगा ठेवायला घरी गेलेल्या अंबूबाई धापा टाकत परत आल्या. "आगं पोरी, घात झाला! तुजं मामंजी काठी घिऊन स्टँडवर गेल्यात! म्हंत्यात, सयाजीला गावात पाय टाकू दीत न्हाई!"

नवरा सहा महिन्यांनी येतोय, लेकाचं तोंड पहिल्यांदा बघणार, आणि वेशीवरूनच माघारी? तिनं कृष्णातवर तिसरं टोपडं चढवलं आणि धूम ठोकली.

स्टँडवर जत्रा भरली होती. सयाजी ट्रंक घेऊन उतरला होता आणि पुढ्यात मामंजी नानासो, निवृत्त सुभेदार, काठी रोखून उभे होते. एस.टी. निघायचं नाव घेईना. प्रवासीच निघू देईनात!

"लीला कुठाय?" नानासो गरजले.

"कोन लीला, आबा?"

"आन् मुडदा कुठं टाकलास?"

"ट्रंकंत आसंल!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. सगळे टुणकन मागे सरले. पोलीस पाटील आकाराम तर सगळ्यांच्या आधी!

"ट्रंक उघडा," तो लांबूनच म्हणाला.

ट्रंक उघडली. एक साडी निघाली. "ही कुनाला?" "आईला." दुसरी निघाली. "ही?" "घरात." तेवढ्यात खालून निघाला बारकासा निळा झगा. "आरं द्येवा, लीलीचं बाळ बी हाय!" बसमधली एक म्हातारी कळवळली.

"मामंजी!" शालन गर्दी फोडून आत घुसली. "लीला खोटी आहे! ती पुस्तकातली आहे!"

"मग तिचा हात धरनारा कोन?"

"तोही पुस्तकातलाच!"

"पुस्तकातला, तर त्येला नाव आसंल की," आकाराम म्हणाला. "सांगा नाव. न्हाईतर मला चौकीवर कळवावं लागंल."

आता नाव घ्यायचं कसं? समोर सासरे, बाजूला नवरा, मागं गाव. कृष्णातनं बापाच्या मिशीकडं हात केला. नानासोंनी काठी आडवी घातली. तेव्हा मात्र शालननं डोळे मिटले आणि लग्नातल्यासारखा उखाणाच ठोकला!

"ट्रंकेत नाही मुडदा, आहे बाळाचा झगा निळा,
पुस्तकातल्या सयाजीरावांची बायको आहे लीला!"

मग एस.टी.तून टाळ्या पडल्या. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. "आरं, आमच्या सयाजीचं न्हवंच!" म्हणत नानासोंनी काठी टाकली आणि लेकाला असं कवटाळलं की त्याची टोपी उडाली. तिसरं टोपडं तेवढ्यात सयाजीनं काढलं. "आगं, उकडून मरंल त्यो!"

पोळ्या खाऊन झाल्यावर नानासोंनी हुकूम सोडला, पुस्तक पहिल्यापासून वाचा. ऐकताना म्हणाले, "सयाजीराव लय हुशार गडी."

"हुशारी लीलीची," सासूबाई भांडी घासता घासता म्हणाल्या. "त्यो इचारतोय, म्हनून सापडतंय."

नानासोंनी तेवढं पान पुन्हा वाचायला लावलं. झोपायच्या आधी आणखी एकदा.

सकाळी कळलं, आवई उठवली बयाबाईनं, आणि आता तिचा तळ उठलाय. म्हसवडच्या बाजूला गेली म्हणे, सयाजीच्या दोन बायकांची बातमी घेऊन! तिथल्या सिद्धनाथाच्या देवळात उद्या काय ऐकायला मिळेल, देव जाणे! नानासोंनी घसा खाकरला. इकडं तिकडं पाहिलं. "आवं," ते चंद्राबाईंना म्हणाले, "तुमाला काय वाटतंय?"

सासूबाईंनी पदर खोचला. "मला वाटतंय, तपासाला निघावं."

आणि निघाले की दोघं!

आता गंमत अशी, की बयाबाई म्हसवडला गेलेलीच नाही. तळ नुसता ओढ्यापलीकडं हलला होता. आत्ता ती शालनच्या सोप्यात बसून ताक पीत पुढचं प्रकरण ऐकतेय, आणि तिच्या मते खून लीलेनंच केलाय!

तेव्हा शालनचं तुम्हाला एक सांगणं आहे. तुमच्यापैकी कुणी म्हसवडच्या रस्त्याला असाल, तर जरा बघाल का? नऊवारीतल्या ठसठशीत बाई पुढं असतील, काठीवाले आबा मागं. आबा मफलर विसरून गेलेत आणि तिकडचा वारा वाईट. भांडत असतील, तर बयाबाई सापडली म्हणून सांगा आणि पहिल्या गाडीत बसवून द्या. पण बोलत चालले असतील, तर निरोप देऊ नका. लांबूनच बघा, आणि बरे आहेत एवढं आम्हाला कळवा.