आबांनी धरलेला लॅपटॉप

मुलाखतीला पंचवीस मिनिटं उरली होती आणि नीलमचा लॅपटॉप वायफायला ओळखच द्यायला तयार नव्हता.

"कालपर्यंत चालत होता ना?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"चालत कुठं व्हता? रांगत व्हता," सत्यजीत म्हणाला. रांजणगावच्या कंपनीतल्या कुणाचं तरी ऐकून त्यानं बायकोला न विचारता विंडोज पुसून लिनक्स टाकलं होतं. "आता बघ कसा पळतोय! फकस्त वायफायचा ड्रायव्हर न्हाई. त्यो नेटवरनं घ्यावा लागंल."

"आन् नेट कशावरनं येणार?"

"वायफायवरनं," म्हणत त्यानं डोकं खाजवलं.

दौंडच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची जागा होती. शिरूरहून जाऊन-येऊन करता येईल अशी तीन वर्षांत निघालेली ही पहिलीच. मुलाखत ऑनलाइन होती आणि पत्रात बजावलं होतं: मोबाईलवरून आलेला उमेदवार बाद.

शेवटी सत्यजीतनं मोबाईल केबलनं लॅपटॉपला जोडला. नेट आलं. नीलमनं केस सारखे करून कॅमेरा लावला. पडद्यावर तिची हनुवटी वर, डोकं खाली, आणि छताचा पंखा सगळ्यात तळाला गरगरत होता.

"कॅमेरा मुळातच उलटा बसवलेला दिसतोय," सत्यजीत पुटपुटला. "विंडोज सरळ करून दाखवायचं."

"मग तू पण कर!"

"करतोय की." करता करता चारच मिनिटं उरली.

गडबड ऐकून सासरे हौसराव, म्हणजे घरातले आबा, दारात आले. "चित्तर उलटं येतंय व्हय? मग मशीनच उलटं धरा की."

सत्यजीतनं लॅपटॉप उचलून त्यांच्याच हातात दिला.

मुलाखत सुरू झाली तेव्हा आबा समोर उभे होते. कीबोर्डाचा भाग दोन्ही हातांनी वर धरलेला, पडदा खाली लोंबकळता. नीलम आता सरळ दिसत होती. तिला मात्र तिन्ही परीक्षक टांगलेले दिसत होते. "सर, कालच लिनक्स टाकलंय, नेट गेलं तर सांभाळून घ्या," एवढं सांगून ती उलट्या मिशांना उत्तरं देऊ लागली. सहाव्या प्रश्नाला आबांचे हात भरून आले. सत्यजीतनं पळत येऊन त्यांची कोपरं धरली.

"मॅडम, लॅपटॉप कुठला?" मधल्या सरांनी विचारलं. तिनं सांगितला.

सर एकदम पुढं सरकले. "आमच्या लॅबमध्ये हेच वीस आहेत! लिनक्स टाकल्यापासून सगळ्यांचे कॅमेरे उलटे. पुण्याहून माणूस दोनदा येऊन गेला, पण जमलं नाही. तुमचा इतका सरळ कसा?"

नीलमनं वर पाहिलं. आबांच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब आला होता. 'सेटिंग बदललं' म्हणणं सोपं होतं. पण मग वीसही लॅपटॉप तिच्याच पुढ्यात येणार होते.

"सर, माझ्या सासऱ्यांनी उलटा धरलाय."

 मग तिन्ही मिशा हलू लागल्या.

"सोमवारी रुजू व्हायला या, मॅडम," सर डोळे पुसत म्हणाले. "पण लॅपटॉप वीस आहेत हं."

"वीस?" पडद्याच्या मागून आबा बोलले. "मंग भावकीला सांगावा धाडतो."