दामलेकाकांची राहिलेली सही

आमच्या सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या ब्लॉकमध्ये कागद उघडा ठेवलात, की त्यावर दामलेकाकांची सही होते. माझ्या वाणसामानाच्या यादीवर झाली आहे. लिफ्टदुरुस्तीच्या नोटिशीवर आहे. माझ्या लेकीच्या, इराच्या, शाळेच्या डायरीत तर त्यांनी "पाहिले" लिहून खाली लफ्फेदार सही ठोकली, आणि तिच्या टीचरने मला विचारलं, हे कोण?

काका म्हणजे जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनियर. आता मुलाकडे, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. जन्मभर त्यांनी इंजिनरूममधल्या ज्युनियरांची लॉगबुकं तपासली. त्यांचे नियम दोनच: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही नाही, आणि उशीर झाला तर कारण लिहायचं. मी वन-नॉर्थच्या ऑफिसातून सातऐवजी आठला आले, की लिफ्टपाशी गाठून विचारतात, "कारण?" एमआरटी रखडली म्हटलं तर, "कुठल्या स्टेशनला? किती मिनिटं?"

सध्या ते एकच वही तपासतात, नलूकाकूंची. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. लग्नानंतर त्या एकदा काकांबरोबर जहाजावर गेल्या होत्या आणि इंग्लंडच्या एका बंदरात जहाज महिनाभर दुरुस्तीला अडकलं. काका खाली इंजिनात, काकू किनाऱ्यावर एकट्या भटकत. दिसेल तो पक्षी, प्राणी, फूल त्यांनी वहीत टिपलं. काकांनी तो वसंत ऋतू पाहिलाच नाही. म्हणून आता दरवर्षी त्याच तारखांना ते सिंगापुरात पडताळणी करतात.

"खार. पाहिले." सही. "बगळा, कालव्यात. पाहिले." सही. काकूंच्या वहीत एक बदकीण आणि तिची सहा पिल्लं होती. त्याखाली काकांनी लिहिलं, "बदक उपलब्ध नाही. पर्यायी: रानकोंबडी, पिल्ले पाच. पाहिले."

घोडं अडलं ते डॅफोडिलच्या पानाशी. मी सुचवलं, काका, खाली पिवळी कण्हेर फुलली आहे, तीच धरा. ते चक्क दुखावले.

"तिथे ओरिजिनल पार्टच लागतो," म्हणाले.

मग नर्सरीतून कंद आले. त्यांना थंडी हवी, म्हणून तीन महिने फ्रिजमध्ये मुक्काम, आणि फ्रिजच्या दारावर तापमानाचा तक्ता. सूनबाईंचा भाजीचा खण गेला तो गेलाच. इराने एकदा डोकावून "काका, धिस वन ओनियन लाह," असा निकाल दिला. काकांनी ती नोंद फेटाळली. दोन वर्षं कळ्या येऊन वाळून गेल्या. यंदा त्यांनी कुंडी स्वतःच्या खोलीत एसीत ठेवली आणि आपण हॉलमध्ये पंख्याखाली घाम पुसत झोपू लागले. खोलीत माणूस असला की तापमान वाढतं, हे त्यांचं गणित.

मागच्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. "ये" एवढंच म्हणाले. कुंडीत एक फूल होतं, जरा वाकडं, पण पिवळंधमक. शेजारी वही उघडी होती. मी वाचलं:

"धक्क्यामागच्या उतारावर डॅफोडिल्स फुललीत. यांना दोनदा निरोप पाठवला. काम संपलं की येतो म्हणाले."

पुढच्या पानावर दोनच शब्द होते. "जहाज निघालं."

"तिने नंतर कधी विषयसुद्धा काढला नाही," काका म्हणाले. "काढला असता तर बरं झालं असतं."

खुर्ची ओढून ते बसले आणि बराच वेळ फुलाकडे बघत राहिले. मग खिशातलं पेन काढून काकूंच्या अक्षराखाली सावकाश लिहिलं, "पाहिले. उशीर झाला." खाली सही केली. सवयीने "कारण" हा शब्दही लिहिला आणि पेन तसंच धरून थांबले.

दहा मिनिटांचंही कारण विचारणारा हा माणूस. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं, कारणाची जागा कोरीच ठेवली आणि वही मिटली.